ऑल्टोची बॅटरी : ३५ की ४४, कुठली घ्यावी, आणि दर रविवारी का बसते?

निवांत_नाशिककर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून टंकतोय.

गाडी ऑल्टो के१०, २०१७ ची, पेट्रोल. एकूण रनिंग ४१ हजार. निवृत्त झाल्यापासून ती फक्त रविवारी बाहेर निघते. आधी भाजी, मग सोमेश्वर, फार तर सिन्नरला मेहुण्याकडे. बॅटरी दोन वर्षांपूर्वी बदलली होती. गेले तीन रविवार मात्र सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात आणि विझायला येतात. दोनदा सोसायटीतल्या पोरांनी धक्का मारून चालू करून दिली. तिसऱ्यांदा मला येताना बघूनच त्यांनी लिफ्ट पकडली.

बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने दोन चिमटे लावून यंत्राचं बटण दाबलं, काटा खाली पडला. "काका, संपली." आता म्हणतो ३५ एएचपेक्षा (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ४४ ची टाका, कटकटच नको. फरक हजार-बाराशेचा.

तर कंपनी कुठली घ्यावी? मोठी टाकली तर गाडीला काही होतं का? आणि आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॅटरीची निगा कशी राखायची? दिवाळीत लेकीने टचस्क्रीनवाली म्युझिक सिस्टिम बसवून दिली आहे, सौ. त्यावर हरिपाठ ऐकते. त्यामुळे गाडी चालू होणं हा आता घरातला प्रश्न झालाय.

गॅरेजबहाद्दर
३५. पुढचा प्रश्न?

कृष्णाकाठ
आमच्याकडे एक्साइड. पहिली साडेचार वर्षं चालली, दुसरी तीन वर्षांत गेली. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, कंपनी तीच. त्यामुळे कंपनीवरून भांडू नये या मताला आलोय. ताजा माल बघून घ्यावा. दुकानात आठ महिने पडून असलेली बॅटरी ही घेण्याआधीच अर्धी म्हातारी झालेली असते. बनवल्याचा महिना-वर्ष अंगावर असतं, दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी काढायला लावा.

मीमराठी_माझीमारुती
अमरॉन. डोळे झाकून. हिरवा डबा, पाणी नको, काही नको. माझी सहावं वर्ष चालू आहे.

गॅरेजबहाद्दर
@मीमराठी, सहाव्या वर्षाची बॅटरी म्हणजे ९५ वर्षांच्या आजोबांच्या विडीसारखी. त्यांच्याकडे बघून कुणी ओढू नये.

आणि आता जरा नीट लिहितो, कारण ४४ चा सल्ला वाचून राहवलं नाही. नाशिककर, जुन्या बॅटरीवर ३८बी२०एल असं काही लिहिलंय का बघा. ३८ हा कामगिरीचा आकडा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा साचा, २० म्हणजे लांबी साधारण २० सेंटिमीटर, आणि शेवटचा एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला. एलच्या जागी आर आणली तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून पोचवली तर एक दिवस बॉनेटखाली होळी. ४२बी२०एल चालेल, डबा तोच, ताकद थोडी जास्त. ४४ म्हणून देतात ती बहुतेक डिन (जर्मन मानक) मापाची असते, रुंदी १७५ मिलिमीटर. तुमच्या ट्रेमधली जागा १३० च्या आतबाहेर. मग बॅटरीवाला ती तिरकी बसवतो, पट्टी लागत नाही म्हणून सायकलच्या ट्यूबने बांधतो. हे मी स्वतः उघडून पाहिलंय. बॅटरी हलत राहिली की आतले पत्रे झडतात. खड्ड्यांचे रस्ते आपल्याकडे आहेतच मदतीला.

विदर्भ_एक्सप्रेस
नागपुरात बॅटरी तीन वर्षं टिकली म्हणजे पेढे वाटावे लागतात बाप्पा. मे महिन्यात ४५ डिग्री बाहेर, बॉनेटखाली किती ते इंजिनालाच माहीत. लोकांना वाटते थंडीनं बॅटरी मरते. मरते ती उन्हाळ्यात, कळते डिसेंबरात. थंडीत तेल घट्ट, सेल्फला जोर जास्त लागतो आणि बॅटरीचा जोर कमी पडतो, म्हणून तेव्हा बिंग फुटते. पण नाशिककरांची तर दोनच वर्षांची आहे न? वॉरंटीत असंल. नवीन काहून घेता?

निवांत_नाशिककर
वॉरंटी कार्ड आहे, पण त्यावर ना तारीख ना शिक्का. बिल कुठेतरी "नीट" ठेवलंय. सौ. ने ठेवलंय म्हणजे सापडणार नाही.

आणि मला काका म्हटलेलं चालेल, पण इथे नाही.

मृण्मयी_पुणे
बिल नसलं तरी बॅटरीवर सिरियल नंबर असतो, आणि घेताना नोंदवलेला मोबाइल नंबर. कंपनीच्या हेल्पलाइनला दोन्ही सांगून बघा, माझं काम झालं होतं. मात्र वॉरंटीत दोन भाग असतात. पहिल्या भागात खराब निघाली तर नवीन फुकट. पुढच्या भागात प्रोराटा, म्हणजे राहिलेल्या महिन्यांच्या हिशेबाने सूट, आणि ती छापील किमतीवर. बाजारात छापील किमतीवर तशीही सूट मिळते आणि जुनी देऊन आणखी उतरते. त्यामुळे "५५ महिने" ऐकून हुरळू नका, त्यातले फुकटचे किती ते विचारा.

आणखी एक. सर्व्हिस सेंटरवाले लगेच बदलून देत नाहीत. चोवीस तास चार्जिंगला लावतात, मग तपासतात. आपण चिडतो, पण त्यांचं बरोबर असतं. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यंत्रावर सारखीच दिसते. तुमच्या बॅटरीवाल्याने चार्ज न करताच "संपली" म्हटलं ना?

ओहमचा_नियम
मृण्मयीताईंना +१. उपाशी माणसाला पळायला लावून "हृदय कमजोर" म्हणण्यातला प्रकार.

नाशिककर, शंभर-दोनशेचा मल्टीमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धं. ११.९ आणि खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू करून मोजा, १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा डायनॅमो) ठीक. १३ च्या आत असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, डायनॅमोवाल्याकडे जा. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर गेलाय, तो नवीन बॅटरीही उकळून काढेल.

कोकणस्थ_पण_कोकणातला
गणपतीला गावी गेलो की दहा दिवस गाडी अंगणात. निघायच्या दिवशी हमखास बसलेली. आता पोचल्या पोचल्या १० चा पाना घेतो आणि मायनसची क्लँप ढिली करून बाजूला ठेवतो. पैसे शून्य. फक्त सेंट्रल लॉक चालत नाही, किल्लीने दार उघडायचं. आमच्या चिरंजीवांना २३ व्या वर्षी कळलं की दाराला किल्लीचं भोक असतं.

शिशिर_म्युनिक
इकडे एडीएसी म्हणून वाहनचालकांची मोठी संघटना आहे, रस्त्यात बंद पडलात की त्यांची पिवळी गाडी येते. त्यांच्या दरवर्षीच्या आकड्यांत बंद पडण्याचं एक नंबरचं कारण कायम बॅटरी, साधारण पाचातले दोन कॉल तिचेच. इंजिनं एवढी पुढे गेली आणि आपण अजून प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवलेल्या शिशाच्या पत्र्यांवरच. मराठीत याला परंपरा म्हणतात.

फियाटचा_फिरकी
अवांतर. १९७८ ची प्रीमियर पद्मिनी होती वडिलांकडे. बॅटरी बसली तर डिकीतून हॅन्डल काढायचं, बंपरखालच्या भोकातून घालायचं आणि अर्धा फेरा वर ओढायचं. अंगठा मुठीच्या उलट बाजूला अजिबात गुंडाळायचा नाही, पाचही बोटं एकाच बाजूला. इंजिनाने उलटा झटका दिला तर हॅन्डल सुटून जातं, अंगठा अडकलेला असला तर तोही सोबत. आमच्या वाड्यात एकाचं मनगट असंच प्लास्टरमध्ये होतं. गाडीला विजेवरचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅकने आणला म्हणतात, पण आमच्या वाड्यात तो १९८५ पर्यंत विश्वासास पात्र ठरला नव्हता.

अनुस्वार
आणि बजाज स्कूटर एका बाजूला आडवी करायची ती कशासाठी? बॅटरी नव्हती तरी करायचो.

फियाटचा_फिरकी
त्यावर स्वतंत्र धागा काढा, दोनशे प्रतिसाद माझ्याकडून.

निवांत_नाशिककर
सगळ्यांचे आभार. पण घरातला दबाव फार होता. काल शनिवारी नवीन घेतली. अमरॉन ४२बी२०एल, गेल्याच महिन्यात बनलेली (कृष्णाकाठ, वाचून दाखवायला लावलं!). जुनी देऊन चार हजारांच्या आत बसली. ४४ घेतली नाही. पहिल्या फटक्यात सेल्फ घेतला. सिन्नरला जाऊन आलो. विषय संपला असं समजतो.

गॅरेजबहाद्दर
अभिनंदन. पण जुनी चार्ज करून तपासली का?

निवांत_नाशिककर
नाही हो. एक्स्चेंजमध्ये गेली ती.

गॅरेजबहाद्दर
🙏

मीमराठी_माझीमारुती
मोठी बॅटरी न घेतल्याचं बरं केलंत. छोट्या गाडीचा अल्टरनेटर ४४ ला पुरा चार्ज करूच शकत नाही, ती कायम अर्धपोटी राहते आणि लवकर मरते.

ओहमचा_नियम
हे सगळीकडे ऐकतो आणि ते चूक आहे. ट्रेमध्ये बसत नाही हे न घेण्याचं खरं कारण, गॅरेजबहाद्दरांनी सांगितलेलं. चार्जिंगचं नाही. हौद मोठा घेतला म्हणून नळाला जास्त पाणी भरावं लागत नाही. जितकं वापरलं तितकंच परत भरायचं.

वापरतो तरी किती? सेल्फ मारताना दीड-दोनशे अँपिअर जातात, पण दोन सेकंद. हिशेब केला तर २०० गुणिले २ भागिले ३६००, म्हणजे ०.११ एएच. पाचेक मिनिटांच्या प्रवासात भरून निघतं. "एकदा स्टार्ट केली की अर्धी बॅटरी जाते" हे खोटं. बॅटरी खाते ती उभी गाडी. घड्याळ, रिमोट लॉक, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) स्मृती मिळून २० ते ४० मिलिअँपिअर सतत चालू असतात. २५ धरले तरी आठवड्याचे १६८ तास, झाले ४.२ एएच. इथे सेल्फ किस झाड की पत्ती. आणि भरताना शेवटचा भाग बॅटरी फार सावकाश घेते, म्हणून रविवारी दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवून काही होत नाही. आयडलला अल्टरनेटर देतोही कमी. निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवा.

अर्धी उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली की पत्र्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते पुन्हा विरघळत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या इमारतीतल्या निम्म्या गाड्या अशाच गेल्या.

मृण्मयी_पुणे
माझी स्टार्ट-स्टॉपवाली वॅगनआर आहे, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. तिला साधी बॅटरी चालत नाही, ईएफबी (वारंवार स्टार्ट सोसणारी मजबूत बॅटरी) लागते. साधी स्वस्तात बसवून देणारे भेटतात, मग वर्षभरात बोंब. ज्यांच्याकडे असं फीचर आहे त्यांनी बघून घ्या.

पाणीवाला
साध्या बॅटरीत पाणी टाकताना एसीच्या नळीचं पाणी चालतं. आम्ही कायम तेच टाकतो.

कृष्णाकाठ
नका टाकू. एसीचं पाणी धूळ आणि तांब्याच्या जाळीवरून येतं. डिस्टिल्ड वॉटरची बाटली चहाच्या दोन कपांच्या भावात मिळते. आरओचं पाणी पण नको, त्यात क्षार उरतातच. पत्रे बुडलेले असतील तर आधी चार्ज करायची, मग खुणेपर्यंत भरायचं. उलट केलंत तर ॲसिड बाहेर येऊन ट्रे खातं. ॲसिड वरून कधीच टाकायचं नाही, उडतं फक्त पाणी.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी धरली तर खायचा सोडा गरम पाण्यात, जुना टूथब्रश, मग कोरडं करून व्हॅसलीनचं बोट. सोडा झाकणाच्या भोकातून आत जाऊ द्यायचा नाही. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. आणि अंगठी काढा! माझ्या एका मित्राचा पाना प्लसवर असताना बॉडीला टेकला, हातातली सोन्याची अंगठी मध्ये. डाग अजून आहे.

विदर्भ_एक्सप्रेस
तो हिरवा डोळा असते न वरती, हिरवा दिसला म्हणजे बॅटरी चांगली?

ओहमचा_नियम
सहा घरं असतात, डोळा एकाच घरात. पाच जण नापास झाले तरी पहिल्या बाकावरचा हसताना दिसेल.

निवांत_नाशिककर
मंडळी, तोंड लपवून लिहितोय.

आज रविवार. घेऊन आठ दिवस. टक टक टक.

सौ. काही बोलली नाही. फक्त मोबाइलवर हरिपाठ लावला आणि रिक्षा बोलावली. दुकानात गेलो तर तो म्हणतो "काका, बॅटरी नवीन आहे, गाडीत खोट असेल." आठ दिवसांपूर्वी गाडीत खोट नव्हती!

गॅरेजबहाद्दर
दुकानदार आज खरं बोलतोय. आठ दिवसांपूर्वी त्याला खरं बोलणं परवडणारं नव्हतं.

ओहमचा_नियम
गाडीत काहीतरी रात्रंदिवस खातंय. शोधायचं असं. मल्टीमीटर १० अँपिअरच्या खुणेवर, लाल वायर १० ए च्या भोकात. मायनसची क्लँप काढा आणि मीटरची एक पिन टर्मिनलवर, दुसरी सुटलेल्या क्लँपवर. दारं बंद, डिकी बंद, किल्ली खिशात. वीसेक मिनिटं थांबा, गाडीला झोपायला वेळ लागतो. मग आकडा वाचा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा ०.०५ च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल तो चोर.

मृण्मयी_पुणे
थांबा. पहिल्या पोस्टमध्ये काय लिहिलंय तुम्ही? दिवाळीत टचस्क्रीन बसवली. बॅटरी बसायला लागली कधीपासून?

अनुस्वार
अरे देवा. हरिपाठच.

निवांत_नाशिककर
शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला हाताशी घेतलं (तोच, लिफ्टवाला). आकडा ०.२१ वर थांबला. अर्धा तास झाला तरी खाली येईना. रेडिओचा फ्यूज काढला, ०.०२.

ओहमचा_नियम
०.२१ गुणिले २४, म्हणजे दिवसाला पाच एएच. ३५ ची बॅटरी आठवडाभरात कोरडी. पैज लावतो की बसवणाऱ्याने सिस्टिमची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळली आहे. पिवळी कायम चालू हवी, त्यावर घड्याळ आणि साठवलेली स्टेशनं. लाल किल्लीवर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही पिवळीवर जोडल्या की स्क्रीन काळी दिसते, पण आत ती जागीच. कामाला दहा मिनिटं कमी लागतात म्हणून असं करतात.

निवांत_नाशिककर
साहेब, वायरी तशाच पिळलेल्या निघाल्या! दोन वायरी आणि एक टेप. सुटी केली, लाल किल्लीच्या लाइनवर घेतली, गाडी झोपल्यावर आकडा ०.०३. खर्च : ऑटो इलेक्ट्रिशियनचे दीडशे आणि मुलाला मिसळ.

आता नवीन बॅटरी पूर्ण उतरली होती. तिला काही होईल का? सिन्नरपर्यंत चालवली तर भरेल?

ओहमचा_नियम
अल्टरनेटर पोट भरलेलं ठेवण्यासाठी असतो, उपाशी मरणाऱ्याला वाचवायला नाही. चार्जरवर लावा, ३-४ अँपिअरने, दहा-बारा तास, हवेशीर जागी, जवळ विडी-काडी नको, हायड्रोजन निघतो. रात्रभर ठेवून सकाळी १२.६ दिसलं तर एका वेळेचं माफ. दोन-तीनदा झालं असतं तर आयुष्य नक्की कमी झालं असतं.

गॅरेजबहाद्दर
जुन्या बिचारीला हेच तीनदा झालं. एवढं करून ती चार्ज केल्यावर चालली असती, असं माझं मत. न्यायवैद्यक पुरावा वितळवायला गेला.

शिशिर_म्युनिक
जम्प करायची, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावून चालू करायची वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. लाल आधी बसलेल्या प्लसला, मग चांगल्या प्लसला. काळी चांगल्या मायनसला आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी तिथे पडू दे.

कोकणस्थ_पण_कोकणातला
धक्कास्टार्टबद्दलही एक. दिवे लागतात तोवर ठीक. बॅटरी पूर्ण मेली तर हल्लीच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि ईसीयूच जागे होत नाहीत. गाव गोळा करून उपयोग नाही. ऑटोमॅटिक असेल तर विषयच नको.

मीमराठी_माझीमारुती
म्हणून इलेक्ट्रिक गाडी घ्या. ना सेल्फ, ना धक्का.

गॅरेजबहाद्दर
तिच्यातही एक १२ व्होल्टची असते. ती बसली की खालची भलीमोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. शेजाऱ्याने गेल्याच महिन्यात अनुभव घेतला.

पाणीवाला
एसीच्या पाण्याचं मत बदललं नाहीये, फक्त बाटली आणलीय.

निवांत_नाशिककर
शेवटचा अपडेट. चार्जरवर ठेवली, सकाळी १२.६८. पुढच्या रविवारी अर्ध्या फटक्यात सेल्फ. आता बुधवारीही एक फेरी ठरवली आहे, गंगापूर धरणापर्यंत. लेकीला सिस्टिमबद्दल काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, ती इथे सदस्य आहे.

मृण्मयी_पुणे
बिल सापडलं का?

निवांत_नाशिककर
सापडलं. गाडीच्या ग्लव्हबॉक्समध्ये. जुन्या बॅटरीचं, फुकट बदलून मिळायला अजून चार महिने बाकी होते.